माझ्या हातावरचं पान

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, जागा मिळतेय, आता स्वतःचा टॅटू स्टुडिओ काढायचा." मी नुसतं "बघू" म्हटलं आणि तू एकदम गप्प झालीस. आईला हे कामच पसंत नाही, असं तुला वाटलं असेल. तसं अजिबात नाही. तुझ्या हातात काय आहे ते, तू भिंतींवर खडूने रेघा ओढायचीस तेव्हापासून मला माहीत आहे. पण हा विषय फोनवर घाईघाईत उरकायचा नव्हता, म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले.

माझ्या डाव्या हातावरचं पान आठवतं ना? माणसाच्या कातडीवर तू केलेलं ते तिसरंच काम. त्या दिवशी काय सुरेख दिसत होतं! आज नऊ महिन्यांनी ते चष्मा लावून नीट पाहिलं. वरची कड छान बसली आहे. पण देठ जिथे मनगटाच्या आतल्या बाजूला उतरतो, तिथे रेघेच्या दोन्ही अंगांना निळसर सावली पसरली आहे, कच्च्या कागदावर शाई फुटावी तशी. आणि मधल्या शिरेचा एक तुकडा जवळजवळ पुसला गेलाय. म्हणजे एकाच पानात तुझी सुई एके ठिकाणी जास्त खोल गेली आणि एके ठिकाणी वरवर राहिली. शाई बसायला हवी त्वचेच्या दुसऱ्या थरात, जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल. वर राहिली तर कातडी बदलताना निघून जाते, खाली उतरली तर फुटते. मनगटाची कातडी वेगळी, पोटरीची वेगळी, बरगडीवरची त्याहून वेगळी. सिलिकॉनच्या खोट्या कातडीवर कितीही सराव केलास, तरी हा फरक बोटांना खऱ्या अंगावरच कळतो.

ते पान मला फार प्रिय आहे, आणि ते तसंच राहिलं तरी माझी काही तक्रार नाही. मला बोचतं ते इतकंच, की तू ते बरं झाल्यावर एकदाही निरखून पाहिलेलं नाहीस. तुझ्याजवळचे सगळे फोटो काम संपल्या-संपल्या काढलेले, लाली असलेल्या कातडीवरचे. वरून जखम दोन-चार आठवड्यांत भरते, आतून सगळं स्थिरावायला महिने लागतात. चाळीसेक कामं झाली म्हणतेस. त्यातली बरी झालेली किती पाहिलीस? त्या सगळ्यांना एकेक करून बोलाव. जागेचा करार करण्याआधी हे एवढं कर. कुठे हात चुकतो ते त्या चाळीस अंगांवर लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला तुला हे काम शिकवणारे सर आज तुझ्या शेजारी आहेत.

उद्या ते नसतील. माझी खरी काळजी ही आहे. आज रेघ हलली की तू मान वळवून सरांना हाक मारतेस. स्वतःच्या दुकानात हाक मारायला कुणी नाही, आणि भाडं मात्र दर महिन्याला दारात उभं. एखादा मुलगा वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन येईल आणि म्हणेल, हा चेहरा छातीवर काढून द्या. चेहरा तू अजून एकदाही केलेला नाहीस. सरांकडे असताना तू सहज सांगशील, "हे माझ्याच्याने होणार नाही, सरांकडून करून घ्या." दुकान तुझं असेल, महिनाअखेर असेल, तीन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक आलेलं नसेल, तेव्हा तुझ्या तोंडून 'नाही' निघेल? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. समोरचा रडवेला झाला की तू हो म्हणशील. आणि मग तो मुलगा रोज आरशात बापाचा बिघडलेला चेहरा बघेल.

आता माझ्या कामाचं बोलते. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आहेत, तेव्हा ऐक. नोकरीत नवी असताना एकदा घाईत मी वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह ठासून भरला. १२१ अंश तापमान, वेळ, दाब, सगळं बरोबर. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघाही उमटल्या. मोठ्या सिस्टरांनी मधलं पाकीट उघडलं तर आतलं कापड ओलं. त्यांनी अख्खी भरती रद्द केली, ऑपरेशन तासभर थांबलं आणि मी कोपऱ्यात रडत उभी राहिले. टेप काळी झाली म्हणजे पाकिटाला बाहेरून उष्णता लागली, इतकंच कळतं. आतली हत्यारं निर्जंतुक झाली की नाही, ते टेप सांगत नाही. त्यासाठी ठरावीक दिवसांनी स्पोअर टेस्ट, म्हणजे चिवट जंतू आत ठेवून ते मरतात का हे बघायची चाचणी, लावावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. सुया आणि सुया बसवलेले कार्ट्रिज एकदा वापरून फेकायचे, हे तुला पाठ आहे. पण मागे पाठवलेल्या व्हिडिओत मी पाहिलं, काम चालू असताना त्याच हातमोज्यांनी तू दिव्याची मान फिरवलीस, मग मोबाइल बाजूला सरकवलास आणि परत मशीन धरलंस. दिव्यावर, बाटलीवर, वायरवर प्लास्टिकचं आवरण हवंच. मोबाइलला हात लागला की हातमोजे बदलायचे. वाळलेल्या रक्तात हेपॅटायटिस बीचा विषाणू सात दिवस तरी तग धरतो. तुझे त्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, ते मला कळव. शून्य, एक आणि सहा महिने असा त्यांचा क्रम असतो, तेव्हा आजपासून धरलं तरी अर्धं वर्ष जातं.

करड्या छटेसाठी काळी शाई पातळ करताना नळाचं पाणी तर नकोच, डिस्टिल्डही नको. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांच्या टॅटूवर जंतुसंसर्गाचे फोड आले. दोष तयार करड्या शाईत निघाला, ती डिस्टिल्ड पाण्याने पातळ केलेली होती. काम करणाऱ्याने तर बंद बाटली आणून वापरली होती. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, हे बाटली हातात घेताना आठवत जा.

परवाना, संमतीपत्रं, वयाचा पुरावा, विमा, वापरलेल्या सुयांची विल्हेवाट, ही कागदपत्रांची बाजू तू सांभाळशील, त्याबद्दल मी निर्धास्त आहे. पैशाचंही बघू, माझी ठेव आहे. पण ती आत्ताच भिंती रंगवायला आणि खुर्च्या घ्यायला मोडावी, असं मला वाटत नाही. अजून वर्षभर सरांकडेच राहा. नाहीतर दुसऱ्या एखाद्या जाणत्या कलाकाराच्या स्टुडिओत नुसती खुर्ची भाड्याने घे. गिऱ्हाईक तुझं, कमाई तुझी आणि अडलं तर शेजारी कुणीतरी आहे. आणि आत्ताच स्वतःचं काढायचं असा हट्टच असेल, तर दहा वर्षं काम केलेलं कुणीतरी भागीदार म्हणून सोबत घे आणि तू फक्त लहान, काळ्या रेघांची कामं कर. तशी पाटीच लाव.

पुढच्या महिन्यात मी आठ दिवस तुझ्याकडे येतेय. सरांना विचारून ठेव. माझ्या पानाची ती उडालेली शीर पुन्हा भरायची आहे, आणि भरताना सरांनी तुझ्या शेजारी बसायचं आहे. देठाजवळच्या सावलीचं काय करता येईल, तेही त्यांना दाखवू. उजवा हात अजून कोरा आहे. त्यावर तुला हवं ते काढ, मी हलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. लसीचं कार्ड सापडलं नाही तर माझ्या कपाटात बघते, तुझ्या जुन्या फायलीत असेल.