पीव्हीसीचा हिशेब क्लोरीनपासून मांडावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पीव्हीसी पाइपांचे भाव वर-खाली झाले की आपल्याकडे चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते : आयात शुल्क वाढवावे की नाही, आणि चीनमधून येणारा स्वस्त माल रोखावा की नाही. आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानांवरही ती बहुधा याच चाकोरीतून जाते. रासायनिक कारखान्यांच्या परिव्यय लेखांकनात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या चर्चेतील एक गाळलेली जागा मला नेहमी खटकते, आणि ती म्हणजे क्लोरीन. वजनाने पीव्हीसीचा सुमारे 57 टक्के भाग क्लोरीनचा असतो. देशातील कॉस्टिक सोड्याच्या अनेक कारखान्यांवर हाच क्लोरीन मंदीच्या काळात फुकट देण्याची, एवढेच नव्हे तर उचलून नेणाऱ्याला वर पैसे मोजण्याची वेळ येते. आणि त्याच वेळी देश पीव्हीसीच्या रूपाने क्लोरीन जहाजे भरभरून विकत आणत असतो. हा विरोधाभास समजून न घेता शुल्काचा आकडा ठरवणे मला अपुरे वाटते.

मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन एकाच वेळी तयार होतात. एक टन कॉस्टिकबरोबर सुमारे 885 किलो क्लोरीन आणि 25 किलो हायड्रोजन निघतो. हे प्रमाण अणुभारांनी ठरवून दिलेले असल्यामुळे कोणत्याही व्यवस्थापनाला ते बदलता येत नाही. लोणी हवे असेल तर ताक निघणारच, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की हे ताक विषारी आहे, ते ओतून देता येत नाही आणि फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही. क्लोरीन द्रवरूप करून सुमारे 900 किलोच्या टनरमध्ये, म्हणजे पोलादी नळकांड्यात, भरतात आणि ट्रकने पाठवतात, पण त्यासाठी परवाने, तपासण्या आणि सुरक्षेची खबरदारी इतकी लागते की लांबच्या गिऱ्हाइकाला तो परवडत नाही. त्यामुळे क्लोरीनची टाकी भरली आणि उचल थांबली, तर कॉस्टिकला कितीही मागणी असली तरी कारखान्याला भार कमी करावा लागतो. क्लोरीनचा भाव उणे होतो तो याच कारणाने : पैसे देऊन क्लोरीन घालवला तरी कॉस्टिक विकून चार पैसे सुटतात, कारखाना थांबवला तर तेही सुटत नाहीत.

अशा जोड उत्पादनात कॉस्टिकचा खर्च वेगळा आणि क्लोरीनचा वेगळा काढता येत नाही. लेखापाल काही ना काही सूत्राने तो वाटून दाखवतो, पण ते सूत्र केवळ सोयीचे असते. म्हणूनच या धंद्यातील माणसे दोन्ही उत्पादनांची मिळून येणारी रक्कम धरतात आणि तिला ईसीयू (इलेक्ट्रोकेमिकल युनिट) म्हणतात. क्लोरीन पडला की ईसीयू टिकवण्यासाठी कॉस्टिक चढावा लागतो, आणि त्याचा भार कापड, कागद, साबण व अॅल्युमिना या सर्वांवर पडतो. पीव्हीसीच्या धोरणाचा परिणाम इचलकरंजीच्या प्रोसेसिंगवाल्याच्या बिलात कसा उमटतो, हे त्यामुळे लक्षात यावे.

आता विजेकडे येतो, कारण खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा तिचाच असतो. आधुनिक मेम्ब्रेन सेलच्या, म्हणजे पातळ पडदा वापरून मिठाचे विघटन करणाऱ्या, कारखान्यात एक टन कॉस्टिकला साधारण 2,400 युनिट वीज लागते. म्हणजे विजेचा दर युनिटमागे एक रुपयाने बदलला की टनामागे 2,400 रुपयांचा फरक पडतो. स्वतःच्या वीजकेंद्रातून पाच रुपयांनी वीज मिळवणारा आणि वितरण कंपनीकडून आठ रुपयांनी घेणारा, असे दोघे समजा. या दोघांत टनामागे 7,200 रुपयांचे अंतर पडते, आणि ते कोणत्याही काटकसरीने भरून निघणारे नाही. मीठ जिथे पिकते त्या गुजरातेत आणि तिथेही कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःची, वीज असलेल्यांकडे हा उद्योग का एकवटला, आणि महाराष्ट्रात रसायनांचे एवढे पट्टे असूनही तो का वाढला नाही, याचे उत्तर बरेचसे या एका गुणाकारात आहे.

मग गुजरातेत जर क्लोरीन शिल्लक पडतो, तर त्याचे पीव्हीसी का होत नाही? कारण उरलेले 43 टक्के एथिलीनमधून यावे लागतात, आणि खरी अडचण तिथे आहे. एथिलीन हा वायू क्रॅकरमध्ये, म्हणजे तेलातील किंवा वायूतील घटक प्रखर उष्णतेने फोडणाऱ्या कारखान्यात, बनतो. अमेरिकेत शेल वायूबरोबर निघणाऱ्या स्वस्त इथेनपासून तो बनतो, आपल्याकडे बऱ्याच अंशी नॅफ्था या कच्च्या तेलातून निघणाऱ्या द्रवापासून, म्हणजे तेलाच्या भावाने. शिवाय या धंद्यात आकाराला फार महत्त्व आहे. क्षमता दुप्पट केली की भांडवली खर्च ठोकळमानाने दीडपटच होतो, हा रासायनिक अभियंत्यांचा जुना अडाखा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1968 साली सुरू झालेला नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर वर्षाला 60,000 टन एथिलीनचा होता आणि त्या काळी तो अभिमानाचा विषय होता. आज दहा-पंधरा लाख टनांचे क्रॅकर उभे राहतात आणि त्यांच्यासमोर तसला कारखाना टिकणे शक्यच नव्हते. नागोठण्याचा क्रॅकर मुंबई हायच्या वायूतील घटकांवर उभा राहिला खरा, पण त्याच्या एथिलीनचा ओघ पॉलिएथिलीन आणि ग्लायकोल यांच्याकडे गेला. एथिलीन जवळ बाळगणाऱ्याला पॉलिएथिलीन करणे सोपे जाते, कारण त्यात क्लोरीनची कटकट नाही. उलट क्लोरीनवाल्याचे कारखाने लहान, विखुरलेले आणि क्रॅकरपासून दूर आहेत. सोयरीक जमत नाही ती इथे.

या क्लोरीनला वाट करून देण्यासाठी आपल्या लहान उद्योजकांनी क्लोरिनेटेड पॅराफिनचे, म्हणजे बोलीतल्या सीपीडब्ल्यूचे, कारखाने काढले. केबल, चप्पल, रेक्झिन यांत ते प्लास्टिसायझरला, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याला, पूरक म्हणून वापरले जाते. पण ही वाट अरुंद होत चालली आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराखाली आखूड साखळीच्या क्लोरिनेटेड पॅराफिनवर 2017 मध्ये आणि मध्यम साखळीच्या काहींवर 2025 मध्ये बंधने आली. उद्या हे गिऱ्हाईक आटले तर उणे भावाचे प्रसंग वाढतील.

रत्नागिरीजवळ 1994 पासून पीव्हीसी तयार होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तो कारखाना समुद्रकिनारी स्वतःच्या जेट्टीसह उभारला गेला, कारण त्याचा कच्चा माल जहाजाने येतो : एथिलीन, व्हीसीएम (व्हिनाइल क्लोराइड, ज्यापासून थेट पीव्हीसी होते) आणि ईडीसी (एथिलीन डायक्लोराइड, ज्यापासून व्हीसीएम होते). यातील ईडीसी वजनाने जवळजवळ 72 टक्के क्लोरीन असतो. अमेरिका किंवा आखाती देश आपला शिल्लक क्लोरीन एथिलीनशी जोडून, वाहतुकीला सोपा अशा द्रवाच्या रूपात निर्यात करतात आणि आपण तो विकत घेतो. कारखान्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे, त्यात मला काही गैर दिसत नाही. धोरणाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ईडीसी आणि व्हीसीएमवरील शुल्क पीव्हीसीवरील शुल्कापेक्षा कमी राहत आले आहे. त्यामुळे पीव्हीसीवर शुल्क वाढवले की संरक्षण मिळते ते अखेरच्या टप्प्याला, म्हणजे बाहेरून आणलेल्या व्हीसीएमचे रेझिन, अर्थात पीव्हीसीची भुकटी, करण्याला. गुजरातेतील ज्या क्लोरीनला गिऱ्हाईक नाही, त्याला या शुल्काने एकही नवे गिऱ्हाईक मिळत नाही.

देशाची पीव्हीसीची गरज वर्षाला चाळीस लाख टनांहून अधिक आहे आणि देशी क्षमता तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. अशा स्थितीत आयातीवरचा प्रत्येक अतिरिक्त रुपया पाइपवाल्याच्या आणि पुढे शेतकऱ्याच्या माथी येतो. ठिबकच्या लॅटरल पॉलिएथिलीनच्या असल्या तरी मुख्य आणि उपमुख्य वाहिन्या पीव्हीसीच्या असतात. विहिरीपासून शेतापर्यंतची पाइपलाइनही बहुधा पीव्हीसीचीच. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीने कारखाने गोठले, ऑगस्टमध्ये लुइझियानात आयडा वादळ आले आणि पाठोपाठ चीनने वीजवापरावर निर्बंध घातले. या तीन घटनांचा परिणाम जळगाव-सोलापूरकडच्या शेतकऱ्याला पाइपाच्या भावात भोगावा लागला. चीनमधील बांधकाम व्यवसाय बसल्यानंतर तिथला माल उलट स्वस्तात इकडे येऊ लागला. महागाईच्या वेळी कोणी शुल्क कमी करा म्हणून फारसा आग्रह धरला नाही, स्वस्ताईच्या वेळी मात्र वाढवा म्हणून लगेच अर्ज होतात, हे सहज नोंदवून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल की मुंद्रा येथे अदानी समूहाने जाहीर केलेला, पहिल्या टप्प्यात वर्षाला 10 लाख टनांचा प्रकल्प झाला की प्रश्न बराचसा सुटेल. आयात घटेल, हे खरे. पण तो मार्ग एथिलीनचा नसून कॅल्शियम कार्बाइड आणि अॅसिटिलीनचा, म्हणजे मुळात कोळशाचा आहे. चीनचे बहुतांश पीव्हीसी याच मार्गाने होते. एक टन पीव्हीसीला सुमारे दीड टन कार्बाइड लागते आणि टनभर कार्बाइडला विजेच्या भट्टीत 3,000 हून अधिक युनिट खर्ची पडतात. शिवाय तिथे क्लोरीनही प्रकल्पातच तयार होणार, म्हणून त्याच्याबरोबर निघणाऱ्या कॉस्टिकला बाजार शोधावा लागेल आणि आजच्या विखुरलेल्या कारखान्यांचा क्लोरीन आहे तिथेच राहील. कॉस्टिकचा भाव त्यामुळे पडला तर त्यांची अडचण वाढेल.

माझ्या मते किनाऱ्यावर, जिथे कॉस्टिकचे कारखाने एकमेकांपासून जवळ आहेत, तिथे त्यांचा क्लोरीन नळीने एकत्र आणून सामाईक ईडीसी प्रकल्प उभारणे आणि एथिलीन जहाजाने आणणे हा अधिक नेमका उपाय ठरेल. एथिलीन शीतपात्रांतून समुद्रमार्गे येऊ शकते, हे रत्नागिरीने दाखवून दिलेच आहे. क्लोरीनचे टनर घाटातून हिंडवण्यापेक्षा नळी सुरक्षितही आहे. यात पैसा मोठा लागेल, कोणा एका लहान कारखानदाराच्या आवाक्यातले ते नाही. पण शुल्कातून शेतकऱ्याकडून जो पैसा अप्रत्यक्षपणे वसूल होतो, त्याहून तो अधिक सत्कारणी लागेल. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मेम्ब्रेन सेलचा भार ठरावीक मर्यादेत कमी-जास्त करता येतो, म्हणून दुपारच्या स्वस्त सौर विजेचा असा ग्राहक शोधून सापडणार नाही. वीज नियामक आयोगासमोर दरनिश्चितीची सुनावणी होते तेव्हा या उद्योगाचा वेगळा विचार झाल्याचे मला क्वचितच दिसले.

आपल्या दैनिकाने पीव्हीसीच्या शुल्काची पुढील बातमी देताना त्या आठवड्याचा कॉस्टिकचा आणि क्लोरीनचा भावही शेजारी छापावा, एवढी विनंती करतो. क्लोरीनच्या आकड्यापुढे उणे चिन्ह असेल, तर शुल्क मागणाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न वाचकांना आपोआप सुचेल.

आपला,
एक निवृत्त परिव्यय लेखापाल, अंबरनाथ