काका, पाकिटावर किंमत न लिहिल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही भिंग पुसायला घेता आणि विषय बदलता. गेल्या रविवारीही तेच झालं. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता थांबवू शकणार नाही तुम्ही.

आजोबा गेले तेव्हा निफाडच्या घरातून माझ्या वाट्याला डालड्याचा एक डबा आला. आत दोन शिवराया (शिवरायांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी), मूठभर भोकाचे पैसे, काही ढब्बू पैसे आणि कमळाचे पिवळे वीस पैसे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चांगलं दिसावं म्हणून मी तांब्याची नाणी रात्रभर चिंच-मिठात ठेवली आणि सकाळी घासून लख्ख केली. जुन्या तांब्यावरचा तो काळपट थर हेच त्याचं कवच असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बाजारातल्या दुकानदाराने डबा सरळ काट्यावर ठेवला. तांब्याच्या भावाने घेतो म्हणाला. मग कुणीतरी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुसऱ्या रविवारी नाणी जमवणारे भेटतात असं सांगितलं, तर मोठ्या आशेने तिथे आले. तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी नाणं हातातसुद्धा घेतलं नाही. ‘कॉमन आहे. त्यात धुऊन वाट लावलीत,’ म्हणाले आणि पाठ फिरवली. ते दोन शब्द मला अजून विसरता आलेले नाहीत. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याशी असं वागावं का हो?

मी पायऱ्यांवर येऊन डब्याचं झाकण लावत होते. तुम्ही मागून आलात, शेजारी बसलात आणि म्हणालात, ‘बघू द्या की मला.’

शिवराई तुम्ही कडेने धरलीत आणि उन्हाकडे थोडी तिरकी केलीत. तोवर मला नुसता खडबडीत तुकडा दिसत होता. एकदम अक्षरं वर आली. एकाखाली एक, श्री, राजा, शिव. उलटवलीत तर छत्र, पति. ‘हा खालचा व झिजलाय ना, तो तुमच्या चिंचेने नाही. किती हातांतून गेलाय बघा,’ म्हणालात. माझ्या मनावरचं ओझं त्या एका वाक्याने उतरलं.

मग तुम्ही विचारलंत, ‘आजोबा कुठले? काय करायचे?’ निफाडचे, शेतकरी, लासलगावला कांदा घेऊन जायचे, मी सांगत गेले. तुम्ही शर्टाच्या खिशातून एक छोटं खाकी पाकीट काढलंत, गुडघ्यावर सपाट केलंत आणि सावकाश लिहिलंत: शिवराई, तांबे. खाली आजोबांचं पूर्ण नाव. त्याखाली, ‘निफाड, घरच्या डब्यातून.’ पाकिटावर किंमतीसाठी छापील रकाना होता. तो कोराच ठेवलात. ‘किंमत सांगायला दुकानं आहेत,’ म्हणालात.

आजोबांचं नाव मृत्यूच्या दाखल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या नीट अक्षरात लिहिलं होतं. काका, मी घरी जाऊन रडले, हे तुम्हाला माहीत नाही.

तेव्हा त्या खोलीत पाच-सहाजण यायचे, एखाद्या महिन्यात कुलूपच निघायचं नाही. नवा माणूस यायचा तो मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत, की या पाच रुपयांचे लाखो मिळतात म्हणे. असल्या जाहिरातींना फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. पण आपल्याकडे त्या माणसाला समजावण्याऐवजी हसून घालवून दिलं जाई. तो परत येत नसे. मंडळ ओस पडलं ते छंद जुना झाला म्हणून नव्हे, आलेल्या माणसाला कुणी बस म्हटलं नाही म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही येईल त्याला एकच विचारू लागलात, ‘कुणाच्या डब्यातलं?’ लोक बोलायला लागले. आज बाकं पुरत नाहीत. पोरं घरच्या चिल्लरीत सालाखालची टांकसाळीची खूण शोधतात: पत्त्यातल्यासारखी चौकट दिसली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. माझी मुलगी भोकाचा पैसा करंगळीत घालून बसली होती, तेव्हा तिला तुम्ही महायुद्धात धातू वाचवायला तो तसा पाडला आणि असे ६४ पैसे मिळून एक रुपया व्हायचा, हे सांगितलंत. जोगलटेंभीची गोष्ट तर तिला पाठ झाली आहे. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात सापडलेली तेरा हजारांवर चांदीची नाणी, क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने मारलेला आपला ठसा, आणि काही नाण्यांवर ठशाखालून अजून दिसणारं त्या हरलेल्या राजाचं नाक. इतिहासाच्या धड्यात तिला हे नाक कुणी दाखवलं नव्हतं.

एसटीत कंडक्टर असताना वेगळं नाणं आलं की तुम्ही तेवढेच पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकायचात आणि मगच ते नाणं बाजूला ठेवायचात, हे मला तुमच्या जुन्या ड्रायव्हरकडून कळलं. कुणी बघत नसताना चार आण्यांचा हिशेब चोख ठेवणारी माणसं आहेत, म्हणून हे जग चाललं आहे. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत. त्यांच्या शेजारी बसायला मिळालं की आपल्यालाही नीट वागावंसं वाटतं, एवढं मात्र होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. ‘कॉमन आहे’ म्हणणारे ते गृहस्थ गेल्या महिन्यात आपल्या आजीच्या देवघरातले वीस पैसे घेऊन आले. मी तोंड फिरवणार होते. तुम्ही स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत, पाकीट काढलंत आणि आजीचं नाव विचारलंत. त्यांना ते सांगताना दोनदा थांबावं लागलं.

पाकिटं संपत आली, असं तुम्ही कुणाला तरी सांगत होतात. या रविवारी मी शंभर आणते आहे, किंमतीचा रकाना नसलेली. त्याचे पैसे कृपा करून देऊ नका.

आपली,
निफाडच्या डब्यावाली