लॅबमधल्या काकांना जाहीर आभार (आणि हो, चरबी सापडली)

काका, नमस्कार.

तुम्ही ऑनलाइन काही बघत नाही हे माहितीय, पण तुमचा मुलगा बघतो, तो वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितेय. थेसिसच्या आभाराच्या पानावर गाईड, एचओडी, डीन सगळे झाल्यावर पार खाली एका ओळीत 'तांत्रिक सहाय्य' म्हणून तुम्ही आलात, ते मला तेव्हाच खटकलं होतं.

विषय तुम्हाला पाठच आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या टिश्यूत लिपिड, म्हणजे आपल्या भाषेत चरबी, तिचा कारभार कसा बदलतो ते बघायचं होतं. पहिले चार महिने मी काय केलं तर ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये, तिथून टिश्यू प्रोसेसरच्या मशीनला, मग मेणाचा ब्लॉक, त्याचे पातळ काप म्हणजे सेक्शन आणि त्यावर चरबीला लाल रंगवणारा डाय, ऑइल रेड ओ. सगळं कोरं! एक लाल ठिपका दिसेना. सगळे म्हणे डाय जुना असेल, नवा मागवला, तरी तेच. तेव्हा तुम्ही चहाचा कप हातात घेऊन मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "काय करी राहिनी वं माय, चरबी ते बठ्ठी धुवाई गयी." प्रोसेसरमध्ये आधी अल्कोहोल, मग झायलीन, दोघं मिळून पेशीतली चरबी विरघळवून घेऊन जातात, मग रंग चढणार कशावर? हे पुस्तकात मी वाचलेलं होतं हो, परीक्षेत लिहिलंही असेल, पण डोक्यातून हातापर्यंत आलंच नव्हतं.

मग फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा मेणात न घालता गोठवून कापायचा. आमच्याकडे लिक्विड नायट्रोजन वेळेवर मिळायचं नाही, तर तुम्ही गावाकडच्या गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाकडून कॅनमध्ये भरून आणलं, स्वतःच्या मोटरसायकलवर, मे महिन्यात. बाहेर ४५ डिग्री आणि कॅनमध्ये उणे १९६! अजून आठवलं तरी हसू येतं.

पण खरा उपकार त्याच्याही पुढचा. आतड्याला बाहेरून पिवळी चरबी चिकटलेली असते, ती तुकड्यासोबत आली की मोजमापात चरबी वाढलेली दिसणार आणि मी वेड्यासारखी नाचणार की बघा कॅन्सर पेशीत केवढी चरबी. तुम्ही बर्फावर पेट्री डिश ठेवून ब्लेडने ती पिवळी चरबी एवढी हळू सोलायचात, आमची आजी वालाच्या शेंगांच्या शिरा काढायची ना तसं. गाठीचा तुकडा वेगळा, लांबचा चांगल्या आतड्याचा वेगळा, दोघांची सारखीच साफसफाई. "चांगल्याले बी तेवढंच धर", हे वाक्य माझ्या वहीत लिहिलेलं आहे, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, काय असतो हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग ती स्लाइड. न्यूक्लियस निळे आणि त्यांच्या बाजूला पेशीच्या आत बारीक लाल थेंब, मोहरी पण मोठी वाटेल इतके बारीक. शेजारच्या चांगल्या तुकड्यात कुठेतरी एखाद-दुसरा. मी लगेच स्लाइडवर काच चिकटवायची डीपीएक्सची बाटली उचलली आणि तुम्ही हात धरला, कारण त्याच्यात पण झायलीन! ग्लिसरीन जेली लावायची म्हणे.

तुम्ही तेव्हा एक प्रश्न विचारलात, तो व्हायव्हात पण कोणी विचारला नाही. रक्तातून चरबी आयती मिळते तर ही पेशी घरी कशाला बनवत बसते? मी तेव्हा गडबडले, आता नीट सांगते. कॅन्सर पेशीला सारखं दुप्पट व्हायचं असतं, प्रत्येक नव्या पेशीला नवं आवरण लागतं आणि ते आवरण मुख्यतः चरबीचंच. गाठीत आतपर्यंत रक्त नीट पोचत नाही, म्हणून भरवसा घरच्या मालावर. साखरेतून आलेले कार्बन दोन-दोन करून जोडत फॅटी अ‍ॅसिड सिंथेज हे एन्झाइम १६ कार्बनची साखळी करतं, पामिटेट. ही घरची चरबी सॅच्युरेटेड, त्यामुळे ऑक्सिडेशनने लवकर खराब होत नाही, पेशी जास्त तग धरते. बाजारात तेलाचे डबे असताना आपण घरचा शेंगदाणा घाण्यावर नेतो, तसंच काहीसं. (गावात सगळे विचारतात, मग तेल खाल्ल्याने कॅन्सर होतो का? तेल इतकं सरळ जाऊन गाठीत बसत नाही हो.) याउलट आतड्याच्या चांगल्या पेशी भाकरी-डाळीतल्या चोथ्यापासून जंतू जे ब्युटिरेट बनवतात ते जाळून जगतात. ४ कार्बनची छोटीशी चरबीच ती. कॅन्सर पेशी ते सोडून साखरेकडे वळते.

एक राहिलंच. टिश्यूतली चरबी वेगळी काढायची क्लोरोफॉर्म-मिथेनॉलवाली फोल्चची पद्धत, १९५७ ची. मी वरचा थर काढून ठेवला आणि खालचा फेकायला निघाले, कारण डोक्यात शेवभाजी, तर्री वर तरंगते! तुम्ही ओरडलात. क्लोरोफॉर्म पाण्याहून जड, चरबी त्याच्यासोबत खाली बसते. त्या एका ओरडण्याने सहा पेशंटचे नमुने वाचले काका, त्यातले रावेरकडचे केळीवाले बाबा तर सही करताना म्हणाले होते, पोरगी शिकतेय ना, घे.

रविवारी येते घरी, थेसिसची कॉपी घेऊन. आई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहे. ती पहिली स्लाइड पण आणणार होते, पण जेली कडेने वाळून लाल थेंब फिकट पडलेत, म्हणून तिचा मोठा फोटो काढून आणते. तुम्हीच म्हणाला होतात ना, ही जास्त टिकत नाही, आजच फोटो काढून ठेव.