रविवारची बैठक : इव्हेंट लूपचं प्रकरण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता राजारामपुरीतल्या नेहमीच्या खोलीत आपण नोड जेएसच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) पुस्तकातलं इव्हेंट लूपचं (आलेली कामं एकामागून एक हाती घेणारी नोडची यंत्रणा) प्रकरण घेणार आहोत.

प्रकरण नुसतं वाचून येऊ नका. त्यातला छोटा सर्व्हर स्वतःच्या हातानं टाइप करा. मग एका रूटमध्ये (सर्व्हरवरच्या एका पत्त्यामध्ये) मुद्दाम काही सेकंद चालणारा मोठा लूप घाला आणि तो फिरत असताना दुसऱ्या टॅबमध्ये दुसरा रूट उघडा. तोही अडकून बसेल, कारण आपला जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर) चालतो. आता लूप काढून तिथं सेटटाइमआउट (ठरावीक वेळानं काम करायला सांगणारं फंक्शन) लावा. दुसऱ्या टॅबला लगेच उत्तर मिळेल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढची पानं सोपी जातात.

पुस्तक जुनं असल्यानं उदाहरणं कॉलबॅकची (काम संपल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन) आहेत. असिंक-अवेट, म्हणजे तेच काम सरळ ओळींत लिहायची नवी पद्धत, नोडमध्ये २०१७ साली आलं. तरीही कॉलबॅकची पानं गाळू नका. आतमध्ये नेमकं काय घडतं ते तिथंच कळतं. दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती मागवणारं 'रिक्वेस्ट' पॅकेज मात्र घेऊ नका, ते २०२० पासून बंद आहे. त्याच कामाचं फेच नोड १८ पासून आतच मिळतं, तेच वापरा.

नोडची एलटीएस (दीर्घकाळ सुधारणा मिळत राहणारी) आवृत्ती घरूनच टाकून आणा. लॅपटॉप नसेल तरी नक्की या, जोडीनं बसू. अडलेली ओळ आणि आलेला एरर जसाच्या तसा लिहून आणा, सुरुवात त्यावरूनच करू.