सांडणीच्या कासेकडेही बघा जरा

मा. संपादक, स.न.वि.वि.

उंटिणीच्या दुधावर हल्ली जे काही छापून येतं त्यात डायबेटिस, व्हिटॅमिन सी, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असंच सगळं असतं. त्यातलं काही खरंही आहे म्हणा, गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन यात नसतंच. पण दूध ज्या कासेतून येतं तिची तब्येत कशी आहे हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर गाईची फूटपट्टी लावून मोकळे होतात.

गाईच्या दुधात मिलीलिटरला 2 लाखांवर पेशी गेल्या की कासदाहाचा, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचा, संशय धरतात. सांडणीच्या, म्हणजे उंटिणीच्या, निरोगी कासेतूनही पेशींचे केंद्रक नसलेले तुकडे भरपूर येतात, नुसते कण मोजणारं मशीन त्यांनाही पेशी समजतं आणि आकडा फुगतो, मग धडधाकट जनावराला उगाच अँटिबायोटिक. त्यापेक्षा सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, बरी. चार खळग्यांच्या ट्रेमध्ये चारही सडांची धार वेगवेगळी घ्यायची, तेवढंच रीएजंट टाकून गोल फिरवायचं, पेशी फुटून डीएनए सुटला की दूध लिबलिबीत होतं. ज्या तुकड्यांत डीएनएच नाही ते इथे फसवत नाहीत. तरी एक गोम आहेच, सांडणीच्या एका सडाला सहसा दोन छिद्रं असतात आणि आतला मार्गही दोन्हींचा वेगळा, त्यामुळे अर्धा सड बिघडलेला नि अर्धा ठणठणीत असं होऊ शकतं आणि दोन्ही धारा एकाच खळग्यात पडल्या की बिघाड झाकला जातो. डोळ्यांना तर दूध बऱ्याचदा चांगलंच दिसतं, गाठी नाहीत की रंग नाही. संशय आला की कल्चर, म्हणजे दुधातले जंतू वाढवून बघणं, करायलाच हवं, स्टॅफ ऑरियस आणि स्ट्रेप अगॅलॅक्टिए हे त्यात सापडणारे नेहमीचे जंतू.

आता जातींचं. दोन मदारींच्या उंटिणीचं दूध एक मदारवालीपेक्षा जास्त फॅटचं असतं हे मान्य, पण एक मदारवाल्यांतल्याच दोन जाती घेऊन हिचं दूध भारी नि तिची कास नाजूक असं ठोकून द्यायचं हे मला पटत नाही. वेत कितवं, व्यायल्याला किती महिने झाले, चारा काय, पाणी मिळतं का, पिल्लू पाजून पान्हा सुटल्यावर नमुना घेतला की आधीच, याने आकडे बदलतात. शिवाय पिल्लाने दूध पिऊ नये म्हणून काही पाळणारे सडांना दोरी बांधतात, तिथे जखम होते आणि जंतू शिरतात. एका जातीचे पाळणारे बांधत असतील नि दुसरीचे नसतील तर दोष जातीचा की दोरीचा? तुलना छापताना निदान एवढं तरी विचारा.

आणि हो, गाईचं दूध नीट पाश्चराइज झालं का हे अल्कलाइन फॉस्फेटेज मोजून कळतं, उंटिणीच्या दुधात ते एन्झाइम तापवूनही टिकतं, म्हणजे ती टेस्टसुद्धा इथे चालत नाही.

आपला,
एक नियमित वाचक