कृषी मेळ्याआधी अर्ज

निपाणी

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

उसाचा डोळा काढायचं तुझं यंत्र धारवाडच्या कृषी मेळ्यात मांडायचं ठरतंय, याचा आनंद आहे. पण त्याआधी पेटंटचा अर्ज गेलाच पाहिजे. नावीन्य मोजतात ते अर्जाच्या तारखेला. यंत्र चारचौघांत चालवलं किंवा त्याचा व्हिडिओ शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, की तोच तुझ्याविरुद्ध पुरावा होतो. प्रदर्शनानंतर 12 महिन्यांत अर्ज करायची सवलत कायद्यात आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. त्या भरवशावर राहू नकोस. बेळगावच्या उद्यमबागेत पातं करून घेतानाही आधी गुप्ततेच्या करारावर सही घे, मग ड्रॉइंग दे.

आता दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतेस ती वाक्यं. सगळं पेटंट त्यांच्यावर उभं असतं, म्हणून इथे वेळ घाल. कलम 3 मध्ये शेतीची पद्धत वगळली आहे. ‘एका डोळ्यापासून रोप करायची रीत’ असा दावा लिहिलास तर तो तिथेच पडेल. दावा यंत्रावर लिही. अर्धगोल पातं आणि पॅडल बाजारात आहेतच. माहीत असलेले भाग नुसते शेजारी बसवले आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिला, तर तेही त्याच कलमात अडकतं. तुझं नवं आहे ते उसाच्या जाडीप्रमाणे सरकणारी पकड. ती पात्याला कशी रोखते, पॅडलचा दाब तिच्यापर्यंत कसा पोचतो आणि म्हणून डोळा का दुखावत नाही, हा जोड दाव्यात आला पाहिजे. पहिल्याच दाव्यात पात्याचं माप बांधू नकोस, नाहीतर दुसरा कुणी पाच मिलिमीटर वाढवून मोकळा होईल. मापं पुढच्या दाव्यांत घाल. वर्णनात मात्र सगळं सांग, कारण अर्ज गेल्यावर नवी माहिती भरता येत नाही. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक दे, तोच वर्णनात ठेव. लिहायला बसण्याआधी पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधयंत्रणेवर आणि गुगल पेटंट्सवर असं यंत्र आधी कुणाचं आहे का, याचा शोध घे.

कोल्हापूर हाकेच्या अंतरावर म्हणून तिकडच्या ओळखीचा कुणी मुंबईत अर्ज टाकू म्हणेल. तू राहतेस कर्नाटकात, यंत्रही इथेच घडलं, तेव्हा आपलं कार्यालय चेन्नई. अर्ज ऑनलाइनच भर, त्याला डिजिटल सही लागते. कागदपत्रं हिंदी किंवा इंग्रजीत. मराठी, कन्नड दोन्ही चालत नाहीत.

मेळा जवळ आला आणि दावे पक्के नसतील तर तात्पुरतं विवरण, म्हणजे यंत्राचं सुरुवातीचं वर्णन, दाखल कर. तारीख मिळते, दावे लागत नाहीत. दाव्यांसह पूर्ण विवरण मात्र 12 महिन्यांत गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि जे तात्पुरत्यात नव्हतंच, त्याला जुनी तारीख मिळत नाही. म्हणून तेही दोन ओळींत उरकू नकोस.

व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ₹1,600, त्यात 30 पानं आणि 10 दावे. अर्ज आपोआप तपासला जात नाही, त्याची विनंती वेगळी: फॉर्म 18, ₹4,000, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत. तुला दुसरी वाटही आहे. अर्जदार स्त्री असेल तर फॉर्म 18अ भरून लवकर तपासणी मागता येते. त्याचे ₹8,000 आणि त्यासाठी अर्ज लवकर प्रसिद्ध करायच्या फॉर्म 9 चे ₹2,500. भाऊ सहअर्जदार असला तरी चालेल, पण कॉलेज सहअर्जदार झालं तर ही सवलत जाते, कारण सगळे अर्जदार व्यक्तीच असावे लागतात. यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलं असशील तर हक्क कुणाचा, हे तिथल्या नियमांत आधी बघ.

तपासणीचा पहिला अहवाल येईल आणि त्यात आक्षेप असतीलच. घाबरायचं नाही. उत्तराला सहा महिने असतात. परीक्षकाने दाखवलेलं जुनं पेटंट पूर्ण वाच आणि तुझी पकड त्यात कुठे नाही, तेवढं नेमकं मांड. इथेच मुदत चुकून चांगले अर्ज मरतात.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी: सहाव्यापर्यंत दरसाल ₹800, दहाव्यापर्यंत ₹2,400, पंधराव्यापर्यंत ₹4,800, पुढे ₹8,000. सगळी मिळून ₹76,800. प्रत्येक वर्षाची फी आधीचं वर्ष संपण्यापूर्वी भरायची. चुकलीस तर जादा फी भरून सहा महिने मिळतात, नंतर पेटंट संपतं. संपल्यावर 18 महिन्यांत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो, पण चूक जाणूनबुजून नव्हती हे पटवावं लागतं. मंजुरीला दोन वर्षांहून जास्त लागली, तर साचलेली फी पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भर. चार वर्षांची फी एकदम ऑनलाइन भरली तर 10 टक्के सूट आहे.

फॉर्म 27 लोक हमखास विसरतात. पेटंट वापरात आहे का, हे तीन-तीन आर्थिक वर्षांचं मिळून कळवायचं. मंजुरी 2026-27 मध्ये झाली, तर 2027-28 ते 2029-30 चं विवरण 30 सप्टेंबर 2030 पर्यंत.

आणि अर्जात कॉलेजचा ईमेल देऊ नकोस. पदवीनंतर तो बंद झाला तर अहवाल तिकडेच पडून राहील. स्वतःचा दे, आणि घरच्या पत्त्यात पिनकोड नीट लिही.

तुझे बाबा