नऊ गुंजा कोण देणार होतं?

गुजरी, कोल्हापूर
आषाढातला रविवार, रात्री

प्रिय भावा,

परवा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. कॅसिनोच्या बोटीवर पोकरमध्ये पैसे गेले त्याचं तुला वाईट वाटणारच. पण जाता जाता तू एक वाक्य बोललास, ते माझ्या डोक्यातून हलेना. "आता रिव्हरला कुणी बेट टाकली की मी गप कॉल करणार, हात कितीही मोठा असू दे." म्हणजे पाचवा, शेवटचा पत्ता उघडल्यावर समोरच्याने टाकलं तेवढंच घालायचं, वाढवायचं कधीच नाही. भावा, असं ठरवून बसू नकोस. फोनवर पत्ते मोजता येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. पाटावर पत्ते मांडलेत, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि उद्या दुकान तासभर उशिरा उघडलं तरी कुणाचं अडणार नाही.

तुझा हात जरा बाजूला ठेवू. आधी माझा सांगतो. दिसायला तो अगदी तुझ्यासारखा आहे.

आमची आठवड्याची बैठक माडीवर असते हे तुला ठाऊकच आहे. पैसे लावत नाही. आबांच्या तराजूच्या डब्यातल्या गुंजा लावतो, त्याच, लाल आणि टोकाला काळ्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असं सोनं तोलायचे ते या गुंजांनीच. (डबा आता सगळ्यात वरच्या फळीवर असतो. गुंज चावली गेली तर विषारी, आणि घरात पुतण्याचं पोर रांगायला लागलंय.) मास्तर असतात, वहिनी असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा होऊन पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून समोरच्या घरातला पोरगाही मोबाइल खिशात घालून वर येऊन बसतो. बरं झालं. फोनवर एकटा खेळायचा तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पाच आठवडे झाले असतील. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची नश्शी. फ्लॉपला, म्हणजे पाटावरच्या पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची चौकी. मास्तरांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी बेट टाकली, मास्तरांनी कॉल केला, बाकीच्यांनी पत्ते टाकले. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, इस्पिकची दुर्री आली. हातातले दोन आणि पाटावरचे तीन मिळून पाच इस्पिक, एक्क्याचा फ्लश! त्या घडीला मला हरवेल असा एकही हात त्या पत्त्यांत नव्हता. मास्तरांचं पुन्हा चेक, माझी पुन्हा बेट, त्यांचा पुन्हा कॉल. आणि रिव्हरला चौकटची सत्ती. म्हणजे पाटावर दोन सत्त्या झाल्या.

वाऱ्याने उलटू नयेत म्हणून मास्तर आपल्या पत्त्यांवर चष्म्याचं घर ठेवतात. ते त्यांनी हलवलंसुद्धा नाही. उजव्या हाताच्या बोटाने एक, दोन, तीन अशा तीन गुंजा सावकाश पुढे सरकवल्या. गुंज पाटावर घसरताना बारीक आवाज होतो, तो अजून कानात आहे. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, चार होत्या. दोन वेळा गप्प राहिलेला माणूस पाटावर जोडी पडल्याबरोबर स्वतःहून पुढे आला, हे मला दिसलं होतं. पण माझं सगळं लक्ष माझ्या एक्क्यावर. पुढ्यात बारा गुंजा उरल्या होत्या, त्या सगळ्या मी ढकलल्या. मास्तरांनी चष्म्याचं घर उचललं, आणखी नऊ गुंजा मोजून ठेवल्या आणि दोन चौक्या उलट्या केल्या. तीन चौक्या, दोन सत्त्या, फुल हाऊस. फ्लशहून मोठा.

त्या रात्री मी नशिबाला बोल लावला, तू परवा लावलास तसाच. दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो असताना नजर कपाटातल्या साजावर गेली. तू बघितलायस तो. मीच घडवला, आणि तसा पुन्हा माझ्या हातून होईल असं वाटत नाही. दोन वर्षं तिथेच आहे. बघायला सगळे येतात, हातात घेतात, वाहवा करतात. घेत कुणी नाही. कारण ज्याला तो परवडतो, त्याच्या घरी त्याहून भारी आधीच आहे, आणि ज्याच्या घरी नाही त्याला तो परवडत नाही.

तिथेच बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मी मोजायला घेतलं. मी जर नुसता कॉल केला असता, तर मास्तरांच्या तीन गुंजांची बाब तिथेच मिटली असती. रेज करून, म्हणजे त्यांच्या बेटवर वाढवून, मी आणखी नऊ गुंजांचा माल विकायला काढला. मग त्या नऊ गुंजा मला कोण देणार होतं? मास्तरांनी हातात काही नसताना नुसता ब्लफ केला असेल तर ते पत्ते टाकणार, म्हणजे मला कॉलपेक्षा एक गुंजही जास्त मिळणार नाही. त्यांच्याकडे तिसरी सत्ती असेल तरी पाटावर तीन इस्पिक बघून ते बारा गुंजांना उभे राहणार नाहीत. पुन्हा तेच, जास्तीचं काही नाही. उरले दोन गट. एक, माझ्यापेक्षा लहान फ्लशवाले. दुसरे, फुल हाऊसवाले.

आता पत्ते मोज. दोन चौक्या: तीन चौक्या शिल्लक, त्यातल्या दोन निवडायच्या, म्हणजे ३ प्रकार. राजा-सत्ती आणि सत्ती-चौकी हे हात मास्तर एका रंगाचे असले तरच खेळतात, म्हणजे २ आणि २. दोन्ही उरलेल्या सत्त्या: १. असे आठ. (दोन राजे असते तर त्यांनी फ्लॉपच्या आधीच रेज केलं असतं, दोन दुर्र्या असत्या तर फ्लॉपच्या बेटलाच टाकल्या असत्या, आणि सत्ती-दुर्री ते खेळतच नाहीत.) आणि लहान फ्लशपैकी बारा गुंजांना कॉल करणारे कोण? राणी-गुलाम, राणी-दश्शी, फार तर गुलाम-दश्शी. तीन. इस्पिकचा एक्का माझ्या हातात, त्यामुळे त्यांना आपला फ्लश सगळ्यात मोठा आहे असं कधीच वाटणार नाही. राणीचा फ्लश घेऊन बसलेल्या माणसालाही समोर एक्का दिसत राहतो.

आठ विरुद्ध तीन. कॉल करणाऱ्या अकरा हातांत मी तीनदा नऊ गुंजा मिळवतो आणि आठदा नऊ गुंजा घालवतो. एकूण पंचेचाळीस गुंजांचा तोटा, दर कॉलमागे साधारण चार गुंजा. मास्तरांकडे त्या दिवशी चौक्यांऐवजी राणी-गुलाम निघाले असते आणि मी जिंकलो असतो, तरीसुद्धा ते ढकलणं चूकच होतं, आणि मला ते कदाचित कधी कळलंही नसतं. याची मला आज जास्त भीती वाटते.

पत्ते टाकणं मात्र त्याहून मोठी चूक ठरली असती. पॉट चार, बेट तीन, म्हणजे सात मिळवायला तीन घालायच्या. दहांतले तीन, तीस टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. पॉटच्या निम्मी बेट असती तर पंचवीस टक्के पुरले असते, पॉटएवढी असती तर तेहतीस लागले असते. बेट पुढे आली की हा आकडा आधी डोक्यात आला पाहिजे. पावसाळ्यात आपण कसं करतो? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा आकडा आधी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि मगच खालचं सामान हलवायचं का ते ठरवतो. त्या रात्री माझ्या हाताला तीस टक्क्यांहून कितीतरी जास्त वेळा जिंकता आलं असतं. मास्तर लहान फ्लशने, तिसऱ्या सत्तीने, कधी ब्लफनेही तीन गुंजा टाकतात. म्हणजे तोच एक्क्याचा फ्लश त्यांच्या तीन गुंजांपुढे भक्कम होता आणि माझ्या बारा गुंजांपुढे कच्चा. पत्ते तेच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

मास्तरांना हा हिशोब दाखवला तेव्हा ते खूश झाले, शाळेत वहीवर सही करायचे तशी कागदाच्या कोपऱ्यात सही केली. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती तुझ्यासाठी लिहून ठेवतो. जॉन फॉन नॉयमन म्हणून गणितज्ञ होता. त्याने घरगुती खेळांचं गणित १९२८ साली मांडलं, आणि पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरचा एक साधा नमुना सोडवून दाखवला. त्यात बेट टाकणारा माणूस सगळ्यात चांगल्या हातांनी टाकतो आणि सगळ्यात वाईट हातांनी टाकतो. मधले हात तो चेक करून ठेवतो. आता विचार कर, अशा माणसाच्या बेटवर तू रेज केलंस तर काय होईल? वाईट हात पळून जातात, चांगले थांबतात. म्हणून रेज करायला "माझा हात चांगला" एवढं पुरत नाही. त्याच्या थांबणाऱ्या हातांतल्या निम्म्याहून जास्त हातांना तू हरवायला हवंस.

तरीही दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तीन आठवड्यांनी वहिनींसमोर माझ्याकडे दोन नश्श्या होत्या. पाटावर राजा, नश्शी, चौकी, मग दुर्री, मग गुलाम, कुठल्याच रंगाचे तीन पत्ते नाहीत. रिव्हरला वहिनींनी बेट टाकली. मला राणी-दश्शीची सरळ रांग दिसायला लागली, चौक्यांची ती रात्र आठवली, आणि मी गप कॉल केला. वहिनींकडे राजा-गुलाम. मी जिंकलो, सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि मला मात्र आतून लागलं. कारण फ्लॉपला मी पॉटएवढी बेट टाकली होती. फक्त गुलामाच्या आशेवर, बारांत एकदा येणाऱ्या पत्त्यासाठी, वहिनी तेवढं कधीच देत नाहीत. एका रंगाची राणी-दश्शी धरली तरी ४, दोन गुलाम ३, दोन राजे ३, असे मला हरवणारे दहा. राजा-गुलामचे ९ आणि दोन चौक्यांचे ३, असे मला पैसे देणारे बारा. तिथे रेज न करून मी वहिनींच्या पुढ्यात पडलेल्या गुंजा तशाच राहू दिल्या. बाजारात गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी फळी लावून घेतली.

तू परवा हेच ठरवत होतास, म्हणून मी अस्वस्थ झालो.

आता तुझा हात. राजा, राजा, पंजी, मग नश्शी, मग दुर्री, आणि तुझ्याकडे दोन पंज्या. समोरच्याने बेट टाकली, तू ऑल-इन, म्हणजे पुढ्यातलं सगळं ढकलून, रेज केलंस, त्याने राजा-नश्शी दाखवली. मोज. राजे दोनच उरलेत. राजा-नश्शी ६, राजा-पंजी २, दोन नश्श्या ३, दोन्ही राजे १. राजा-दुर्री शहाणा माणूस खेळत नाही, पण तीही धर, ६. तुला हरवणारे सगळे मिळून अठरा. आणि तू हरवतोस ते? राजा-एक्का ८, राजा-राणी ८, राजा-गुलाम ८, राजा-दश्शी ८. बत्तीस. एक्केवाल्याने आधीच रेज केलं असतं म्हणून तो सोडला तरी चोवीस उरतात. हातात तीन राजे असलेला माणूस रिव्हरला सहसा पत्ते टाकत नाही, आणि तूच म्हणालास की हा गडी तासभर कुणालाच पत्ते टाकत नव्हता.

तुझं रेज बरोबर होतं, मर्दा. माझं चूक होतं. दोघेही फुल हाऊसपुढे हरलो, दोघांनीही त्या रात्री तेच तोंड केलं असेल, पण माझ्या हाताला गिऱ्हाईक नव्हतं आणि तुझ्या हाताला भरपूर होतं. फक्त त्या रात्री दारात आला तो नेमका अठरांतला एक.

एक गोष्ट मात्र तू सांगितली नाहीस, आणि ती मला हवीय. त्याने रिव्हरला बेट टाकली तेव्हा पॉट किती होता आणि तुमच्या दोघांच्या पुढ्यात किती उरलं होतं? तू त्याच्या बेटच्या तिप्पट केलंस का दसपट? दसपट केलं असशील तर राजा-दश्शीवालाही विचारात पडतो, आणि मग चोवीसचे कदाचित बाराच उरतील. तसं असेल तर थोडं लहान रेज जास्त कमावून गेलं असतं, आणि तुझ्या हिशोबात मला एक ओळ खोडावी लागेल. आठवून कळव.

आणि एक मागणं आहे, रागावू नकोस. घरखर्चाचे पैसे त्या बोटीवर नेऊ नकोस. जेवढे गेले तरी तुला रात्री झोप लागेल, तेवढेच ने. तुझ्या परवाच्या आवाजावरून मला वाटलं की या वेळी तसं नव्हतं. खरं असेल तर मला सांग, मी आहे.

वहिनींनी कांदा-लसूण चटणीची बरणी भरून ठेवलीय. पुढच्या शुक्रवारी समोरच्या पोराचा मामा पणजीला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्यातच एका पुडीत तीस गुंजा घालतोय. तुझे ते पत्ते पाटावर मांड, बेट आणि रेज दोन्ही गुंजांनी ठेव, आणि मग मला आकडे लिही.

तुझाच,
गुजरीतला दोस्त